तिसऱ्या हाताची मीमांसा

पक्षीछायाचित्रणावर आजवर जे लिहिले-बोलले गेले, त्यात पक्ष्याचा विचार भरपूर झाला आहे, भिंगाचा त्याहून अधिक झाला आहे, आणि भिंगाच्या हप्त्यांचा विचार घरच्यांनी वेळोवेळी मोठ्या आवाजात केला आहे. परंतु भर पावसात, रानात, एकट्या माणसाने कॅमेरा धरला असता छत्री कोणी धरावी, या मूळ प्रश्नाला आमच्या पाहण्यात तरी कोणी हात घातलेला नाही. घालणार कसा? दोन्ही हात कॅमेऱ्यात गुंतलेले असतात.

प्रस्तुत निबंध ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. जुन्या शास्त्रग्रंथांच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन ही चार खाती मांडून दाखवावी लागत. ती रीत इथेही पाळू. रीत पाळली की मजकूर बेताचा असला तरी ग्रंथ भरदार दिसतो.

अधिकारी म्हणजे हा विषय हाताळायला पात्र कोण. आमच्या मते चकलांब्याचा माणूस. चकलांबा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले गाव. कापूस, तूर, बाजरी, आणि पाणी पोचते तिथे ऊस. अरबी समुद्रावरून निघालेले ढग सह्याद्रीने वाटेतच पिळून घेतलेले असतात. उरलेसुरले आमच्या वाट्याला येते. वर्षाला साधारण 600 ते 700 मिलिमीटर. आता पक्षी टिपणारे लोक जे लांबलचक भिंग बाळगतात, त्यावरचा आकडाही बहुधा 600 मिलिमीटरच असतो. म्हणजे चकलांब्याच्या पक्षीछायाचित्रकाने गळ्यात वर्षभराचा पाऊस अडकवलेला असतो, असे म्हणायला हरकत नाही. उलट सिंधुदुर्गातल्या आंबोलीची वार्षिक सरासरी 7000 मिलिमीटरच्या घरात आहे. तिथला एक पावसाळा म्हणजे आमची दहा वर्षे. एवढा पाऊस ज्याच्या कौलांवर दरसाल पडतो, तो छत्रीचा विचार करीत बसत नाही. उघडतो आणि चालू लागतो. छत्रीकडे तत्त्वचिंतकाच्या नजरेने पाहायचे तर ती वर्षातले दहा महिने खुंटीला टांगलेली दिसावी लागते. ती सोय आमच्याकडे आहे.

विषय सांगून झाला आहे. संबंध म्हणजे चकलांबा आणि आंबोली यांना जोडणारा रस्ता: गेवराई, बीड, बार्शी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर, आजरा. या रस्त्यावर मिरजेला क्षणभर थांबून नमस्कार करावा. एप्रिल 2016 मध्ये याच मिरजेहून लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी गेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मराठवाड्याकडे पाणी न्यावे की मराठवाड्याचा माणूस पाण्याकडे न्यावा, याचा हिशेब कुणी करील तर दुसरा मार्ग स्वस्त पडेल. एसटीचे एक तिकीट लागते.

प्रयोजन मात्र सांगता येत नाही, आणि गावात सगळे तेच विचारतात. आमच्या भागात लांबच्या प्रवासाचे दोन नमुने सर्वमान्य आहेत. एक वारी. पैठणची नाथांची पालखी आमच्या जिल्ह्यातूनच पंढरीला जाते. वारीला निघालेल्या माणसाला ‘कशाला?’ असे कोणी विचारत नाही. दुसरा नमुना ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून माणसे पश्चिमेला आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तिथेही प्रयोजन मुकादमाने उचल देतानाच वहीत लिहिलेले असते. पावसाळ्यात, पेरण्या उरकताच, पाठीवर काळी पिशवी घेऊन कोल्हापूरच्या दिशेने एकट्याने निघणे हा तिसरा नमुना अजून कोणत्याही वहीत नाही. म्हणून फाट्यावर एसटीची वाट पाहताना जो संवाद झाला, तो जसाच्या तसा देत आहोत.

“कुठं निघालास रं?”

“आंबोलीला, आप्पा.”

“तोडीला? आत्ता?”

“नाही. पक्ष्यांचे फोटो काढायला.”

“पाखराचे? तिकडं तर लय पाऊस म्हनत्यात.”

“म्हणूनच.”

“संगट कोन हाय?”

“कोणी नाही.”

“मंग छत्री कोन धरनार?”

या निबंधातला मूळ प्रश्न असा फाट्यावर, तंबाखू मळता मळता उपस्थित झाला. पुढे आंबोलीच्या धुक्यात जे जे घडले ते या एका वाक्यावरचे भाष्य समजावे.

प्रश्नाचे गणित सोपे आहे. कॅमेरा आणि लांब भिंग मिळून दोन-अडीच किलोंचा ऐवज होतो. तो धरायला दोन हात. छत्रीला तिसरा. भिंगावरचे पाणी पुसायला चौथा. घरून फोन आला तर पाचवा. माणसाला हात दोन. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एक जण तोडतो, दुसरी मोळी बांधते, चार हातांनी काम पुढे सरकते. जो एकटाच येतो त्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि उचलही त्याच मानाने देतो. एकट्याने हिंडणारा पक्षीछायाचित्रकार हा शास्त्रशुद्ध अर्थाने अर्धा कोयता आहे. हे त्याला आंबोलीतल्या लॉजवरही लगेच कळते. ‘एकटेच आहात का?’ असे विचारून तिथला माणूस असा काही थांबतो, की आपणच शरमून आधार कार्डासोबत भिंगही दाखवतो. दोघांच्या खोलीचे भाडे एकट्याने भरताना दुसरी गादी, दुसरी उशी आणि दुसरा टॉवेल आपल्याकडे पाहत असतात. हात मात्र दुसरे मिळत नाहीत.

थोरामोठ्यांचा दाखला द्यायचा तर सलीम अलींचा द्यावा. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. तेव्हा आमचा बीड जिल्हा त्याच संस्थानात होता. काम कॅमेऱ्याचे नव्हते, बंदुकीचे होते. पक्षी पाडून, कातडे सोलून, पेंढा भरून नमुने करायचे. पण महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या मोहिमांवर त्यांच्या पत्नी तहमीना सोबत असत आणि मुक्कामाची सगळी व्यवस्था पाहत. भारतीय पक्षीशास्त्राचा पाया अशा रीतीने पूर्ण कोयत्याने घातला आहे. हे चरित्रांतून लोक वाचतात आणि भिंगाचा ब्रँड कोणता घ्यावा याची चर्चा करतात.

आता पूर्वपक्ष. तिसऱ्या हाताची गरज मान्य करून त्यावर जे उपाय सुचवले जातात, ते एकेक पाहू.

घरून एखादा माणूस सोबत न्यावा, असे काही म्हणतात. हा उपाय करून पाहिलेल्या लोकांचा अनुभव असा, की दुसऱ्या माणसाला हात असतात तसे तोंडही असते. कर्ण्यासारखा पक्षी तासभर एका फांदीवर पुतळ्यासारखा बसतो. त्याला उडवायला ‘दिसला का?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. शिवाय छत्री धरणाऱ्याला पक्ष्याचे वेड नसेल तर छत्री हळूहळू त्याच्याच डोक्याकडे सरकते. यात त्याचा दोष नाही. पाऊस दोघांवर पडत असताना निःपक्षपाती छत्री धरणे हे संतांचे काम आहे.

वाटाड्या घ्यावा, हा दुसरा पक्ष. आंबोलीत रानाची खरी जाण असलेली तरुण मुले आहेत, आणि त्यांच्यावाचून बाहेरच्या माणसाला झाडावरचा पक्षी काय, झाडही नीट दिसत नाही. पण वाटाड्याचे हात आधीच शाखाचंद्र न्यायाला वाहिलेले असतात. चंद्र दाखवायचा तर आधी फांदी दाखवावी, असा तो न्याय. “तो आंबा दिसतो? त्याच्या मागचं जांभूळ. त्याला डाव्या हाताला जी वाळकी फांदी गेलीय, तिच्या टोकाला दोन पानं आहेत, त्यातल्या खालच्या पानामागं.” हे सांगायला एक बोट लागते, आणि त्या हाताला दुसरे काही धरायला सांगणे हा ज्ञानाचा अपमान आहे. दुसऱ्या हातात त्याची स्वतःची छत्री असते. ती मागणे हा माणुसकीचा अपमान आहे.

तिसरा पक्ष मान आणि खांदा यांच्यात छत्रीचा दांडा दाबून धरणाऱ्यांचा. ही मुद्रा फोनवर बोलत मोटारसायकल चालवणाऱ्यांकडून शास्त्रात आली आहे. तिच्यात पागोळ्या नेमक्या कॉलरच्या आत उतरतात, आणि मान एका अंगाला वळल्यामुळे जगातले सगळे पक्षी दुसऱ्या अंगाला बसतात.

चौथा पक्ष झाडाखाली उभे राहावे असे सांगतो. सपाट माळरानावर वाढलेल्या माणसाला हा मोह होतो, कारण आमच्याकडे बाभळीखाली उभे राहिले की सर निघून जाईपर्यंत भागते. पश्चिम घाटातले झाड निराळ्या तत्त्वावर चालते. पाऊस पडत असताना ते थोडा अडवते आणि पाऊस थांबल्यावर साठवलेला सगळा तुमच्यावर सोडते. धरणाच्या कारभाराशी परिचय असलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

पाचवा पक्ष: पाऊस थांबेपर्यंत थांबावे. इथे चकलांब्याच्या माणसाची खरी परीक्षा आहे. पाऊस सुरू होण्याची वाट पाहण्यात आमचा हात धरणारा कोणी नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा गेल्या, पुनर्वसूला काही होईल, असे आमच्याकडची पोरेही सांगतात. पाऊस संपण्याची वाट पाहण्याचा सराव मात्र आम्हाला नाही. आला तर तो एकदम येतो, सप्टेंबर 2025 सारखा, आणि माती, पीक, जनावरे घेऊन जातो. तेव्हा वाट पाहायला जागाच उरत नाही. आंबोलीची झड या दोन्ही प्रकारांत बसत नाही. ती रागावत नाही, थकत नाही आणि कामही सोडत नाही.

यात कावळेसादचा एक स्वतंत्र मुद्दा निघतो. आंबोलीजवळच्या या कड्यावर दरीतला वारा असा उसळतो की खाली कोसळणारे पाणी तो उलटे वर फेकतो. छत्री ही वरून येणाऱ्या पावसाची कल्पना करून बनवलेली वस्तू आहे. खालून येणाऱ्या पावसाची तरतूद तिच्या घटनेत नाही. तिथे छत्री उघडणाऱ्या माणसाच्या हातात थोड्याच वेळात उलटी पडलेली, पाणी साठवणारी एक वस्तू उरते. चकलांब्यात तिला आम्ही शेततळे म्हटले असते आणि अनुदान मागितले असते.

हात कमी पडल्याने मोठमोठ्यांचे काय होते, याचा इतिहासही आमच्याच तालुक्यात आहे. गोदाकाठच्या राक्षसभुवनला 10 ऑगस्ट 1763 रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम अली नदी उतरून पलीकडे गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर अर्धी फौज घेऊन अलीकडे राहिला होता, आणि मध्ये गोदावरी पावसाळ्यातली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडच्या फौजेला ते नुसते पाहावे लागले. भर पावसात आपलेच दोन हात दोन तीरांवर राहिले तर काय होते, हे इतके स्वच्छ कुठल्याही छायाचित्रण शिबिरात शिकवत नाहीत.

कापडाकडे वळू. भिंग पुसायचे मऊ कापड ही या विद्येतली सर्वांत उपेक्षित वस्तू आहे, आणि बीड जिल्ह्याने तरी तिची उपेक्षा करू नये. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी 16 व्या शतकात पंचीकरणासारखा गहन विषय कापडावर लिहिला; सुमारे 40 फूट लांबीची ती पासोडी आजही अंबाजोगाईत आहे. कापडावर एवढे तत्त्वज्ञान मावते हे ठाऊक असल्यामुळे प्रस्तुत लेखकाने भिंगाच्या वीतभर कापडाचे बारकाईने निरीक्षण केले. कोरडे कापड पाणी टिपते. ओलसर कापड पाणी पसरवते. पुरते भिजलेले कापड काचेवरचे पाणी एका जागेवरून उचलून सगळीकडे सारखे लावते. म्हणजेच ते समन्यायी पाणीवाटप करते. यासाठी 2005 मध्ये राज्याला कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण नेमावे लागले, वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे तंटे कोर्टात गेले, आणि काचेवर तेच काम एक चिंधी अर्ध्या मिनिटात करते. फक्त त्यानंतर काचेतून काही दिसत नाही.

काचेच्या आतला ओलावा हा आणखी वाईट. बाहेरचे पाणी पुसता तरी येते; आत शिरलेली वाफ काही दिवसांनी बुरशी होऊन कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. त्यावर सिलिका जेलच्या पुड्या ठेवतात. काही जण कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरतात. त्यात तांदळाचे काय होते हे त्यांच्या घरी विचारावे. चकलांब्याहून आलेल्या कॅमेऱ्याची गंमत अशी, की तो जन्मापासून इतक्या कोरड्या हवेत वाढलेला असतो की आंबोलीत पोचताच त्याला घाम फुटतो. धन्यालाही फुटतो, पण धन्याला बुरशी लागेपर्यंत सुट्टी संपते.

धुक्याबद्दल न्यायशास्त्राचे एक जुने ऋण फेडले पाहिजे. डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे असे अनुमान करावे, हे त्या शास्त्राचे लाडके उदाहरण. धुके पाहून धूर समजलात तर अनुमान फसते, असेही त्या मंडळींनी बजावून ठेवले आहे. आंबोलीत जुलै महिन्यात सगळा डोंगरच धुक्यात असतो, त्यामुळे धूर आणि धुके यांचा भेद करायला डोळा निरुपयोगी. पण धुक्यातून कांदाभजीचा वास येतो आणि त्या वासाच्या मागे गेले की विस्तव हटकून सापडतो. नैयायिकांनी हेतू म्हणून धुराऐवजी भज्यांचा वास धरला असता तर कित्येक शतकांचा वाद वाचला असता. तिसऱ्या हाताच्या दृष्टीनेही भज्यांचे मोल मोठे आहे. ती खाताना कॅमेरा खाली ठेवावा लागतो, आणि माणसाला आपले दोन्ही हात काही काळ परत मिळतात.

पावसाळ्यात आंबोलीत कॅमेरा घेऊन येणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. अधोमुख पंथ बेडूक, साप आणि विंचू पाहतो. त्याची संख्या मोठी आहे आणि त्याला सबळ कारणही आहे: आंबोलीच्या नावाचा भेक 2009 मध्ये शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला, हिरण्यकेशीच्या कुंडातला एक चिमुकला मासा 2020 मध्ये नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ झाली. हा पंथ रात्री विजेऱ्या घेऊन बाहेर पडतो, आणि विजेरी धरायला त्यांच्यात नेहमी कोणी तरी असतो, कारण ते कळपाने हिंडतात. ऊर्ध्वमुख पंथ आमचा. आम्ही वर पाहतो. त्यामुळे पावसाचे थेंब भिंगावर येतात, आणि जळवा कुठून चढल्या ते खोलीवर गेल्यावर कळते. दोन्ही पंथांची एकमेकांशी वाटेवर टक्कर होते, त्याचे कारण आता स्पष्ट व्हावे.

प्रश्न उरतो पक्ष्याचा. त्यालाही थोडी जागा देणे भाग आहे.

कोकणात आणि घाटाच्या उतारावर पावसाळ्याच्या सुरुवातीला तिबोटी खंड्या विणीसाठी येतो. लांबी जेमतेम 13 सेंटिमीटर. पाठीवर जांभळा-निळा, पोटाला पिवळा, चोच शेंदरी. ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याच्या कडेच्या मातीच्या उभ्या दरडीत बोगदा खोदून तो आत अंडी घालतो. नेहमीच्या पक्ष्याला पायाला चार बोटे असतात, याला तीनच. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे! निसर्गाने याला एक बोट कमी दिले आणि तरीही तो भर पावसात बोगदा खोदतो, पाली-बेडूक-खेकडे पकडतो, फांदीवर आपटून मऊ करतो आणि पिल्लांना भरवतो. दोन हातांच्या, दहा बोटांच्या माणसाला त्याचा साधा फोटो काढायला आणखी एक हात हवा असतो. मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर रानात राहून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, आणि 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. पण अशा माणसाकडे पाहून पक्ष्याला हसू येते काय, हा प्रश्न आमच्या माहितीप्रमाणे तिथेही चर्चेला आला नाही.

या खंड्याला टिपण्याची जुनी शास्त्रोक्त रीत बकबंधन न्यायाची. बगळ्याच्या डोक्यावर लोण्याचा गोळा ठेवावा. उन्हाने तो वितळून डोळ्यांत गेला की आंधळ्या बगळ्याला अलगद धरावे. आंबोलीत ऊन नाही, म्हणून लोणी वितळत नाही, आणि लोणी ठेवायला पुन्हा हात लागतो. काकतालीय न्यायाचा मात्र प्रत्यक्ष अनुभव येतो. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एक गाठ पडते, तशी पक्षी बसायला आणि पाऊस उघडायला कधी तरी गाठ पडते. त्या क्षणी दाट झाडीखाली उजेड इतका कमी असतो की शटर मंद ठेवले तर पक्षी हलतो आणि जलद ठेवले तर फोटोत काळोख आणि दाणे येतात. बहुतेक जण या क्षणी चष्मा पुसत असतात.

एक गोष्ट गंभीरपणे: बोगद्याच्या तोंडासमोर ठाण मांडून बसणाऱ्यांना या निबंधात स्थान नाही. आईबाप चोचीत पाल घेऊन समोरच्या फांदीवर ताटकळतात आणि आत पिल्ले उपाशी राहतात. अशा फोटोला कितीही शाबासकी मिळो, तो बेइमानीचा.

पाचव्या हाताचा, म्हणजे फोनचा प्रसंग नेमका पक्षी नीट बसलेला असतानाच येतो. चकलांब्याहून येणाऱ्या फोनला पावसाळ्यात एकच विषय असतो.

“पाणी हाय का तिकडं?”

“आहे नाना. थांबतच नाही.”

“हिकडं ठिपूस नाही. कापूस माना टाकायलाय. तिकडं किती पडलं?”

“मोजलं नाही.”

“मंग करतो काय तू तिथं?”

“पाऊस कॅमेऱ्यावर पडू नये म्हणून धडपडतोय.”

यावर पलीकडे जी शांतता पसरते ती कुठल्याही यंत्राने टिपता येत नाही. आयुष्यभर ढगांकडे आशेने पाहणाऱ्या गावातला एक माणूस, पदरचे पैसे घालून, महाराष्ट्रातल्या सर्वांत ओल्या गावांपैकी एकात जातो आणि सगळा वेळ पाऊस चुकवण्यात घालवतो, हे समजावून सांगायला आमच्याकडे दृष्टान्त नाही. परतल्यावर नानांना फोटो दाखवले. तिबोटी खंड्या शेंदरी रंगाचा ठिपका म्हणून एका चौकटीत खरोखर आला होता. नानांनी तो बोटाने बाजूला सारला, मागची ओली करवंदीची जाळी मोठी करून पाहिली आणि म्हणाले, “एवढं पाणी वाया चाललंय व्हय?” समीक्षकाने मुख्य विषय सोडून पार्श्वभूमीवर बोलावे, हा संप्रदाय साहित्यात जुना आहे.

आता सिद्धान्त. तिसऱ्या हाताचा प्रश्न फार पूर्वी सुटलेला आहे, आणि तो छायाचित्रकारांनी सोडवलेला नाही. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीकडे निघाले की पावसाळ्यात दुतर्फा भाताची लावणी चाललेली दिसते. चिखलात वाकलेल्या बायांचे दोन्ही हात रोपांत असतात. पाऊस पाठीवर कोसळत असतो आणि छत्री कुणाच्याच हातात नसते. डोक्यावर आणि पाठीवर इरले असते: पूर्वी बांबूच्या कामट्या आणि पानांचे, आता बहुतेक प्लॅस्टिकचे. हात मोकळे. आमच्याकडे पावसात गुरे वळणारा किंवा औत धरणारा माणूस पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोवून डोक्यावरून खोळ घेतो, धनगर घोंगडी घेतो. त्यांचेही हात मोकळे. वारीत टाळ वाजवायला दोन हात लागतात म्हणून वारकरी प्लॅस्टिकचा कागद डोक्यावरून पाठीवर सोडतात. टाळ थांबवून छत्री उघडलेला वारकरी आम्ही तरी पाहिला नाही. ज्यांना पावसात खरोखर दोन्ही हातांनी काम करायचे होते, त्यांनी छत्रीचा नाद कधीच सोडला. छत्री ही एक हात रिकामा असलेल्या लोकांसाठी आहे: शिक्षक, कारकून, पुढारी, आणि पुढाऱ्यांच्या बाबतीत तर तो रिकामा हातही दुसऱ्याचा असतो.

त्यानुसार प्रस्तुत लेखकाने खताच्या रिकाम्या गोणीची खोळ करून वापरून पाहिली. कॅमेरा पोटाशी, खोळ डोक्यावरून भिंगाच्या टोकापर्यंत ओढलेली, दोन्ही हात आत कोरडे. पर्यटकांनी भरलेल्या गाड्या थांबून ‘काका, धबधबा कुठे?’ असे विचारू लागल्या, यावरून वेश पूर्ण जमला असे समजले. पक्ष्यांनाही पिशवीवाल्या माणसापेक्षा गोणीवाला माणूस अधिक ओळखीचा वाटत असावा; ते लांब पळाले नाहीत. खर्च शून्य.

एक अडचण मात्र उरली आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खोळीत कान झाकले जातात. प्लॅस्टिकवर पाऊस असा ताशा वाजवतो की चार हातांवर ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गात असला तरी कळत नाही, आणि दाट झाडीत पक्षी आधी कानाने शोधावा लागतो, मग डोळ्याने. खोळ मागे सारून ऐकावे तर एक हात गुंततो, म्हणजे प्रश्न पुन्हा फाट्यावर. भाताची लावणी करणाऱ्या बाया या गोंगाटातही एकमेकींशी व्यवस्थित बोलत असतात, तेव्हा यावर काही तोड असलीच पाहिजे. कोकणातल्या जाणकार वाचकांनी ती जरूर कळवावी. पत्राने कळवली तर बरे; पावसाळ्यात फोन उचलायला आमचा हात रिकामा नसतो.